सांगलीतील लोको पायलट भरतीचा क्लास : शिकवणी चांगली, पण फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या

माझ्या मुलाने जून २०२४ पासून जुलै २०२५ पर्यंत सांगलीच्या विश्रामबाग परिसरातील एका खासगी क्लासमध्ये रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाची तयारी केली. त्या क्लासविषयीचा हा अभिप्राय आहे. क्लासचे नाव मी देत नाही. माझी मुख्य तक्रार या एका क्लासपुरती नाही, असे मला पुढे चौकशी करताना आढळले; शिवाय ज्या शिक्षकांनी माझ्या मुलाला मनापासून शिकवले, त्यांच्या कामाला माझ्या लिहिण्यामुळे बट्टा लागावा अशी माझी इच्छा नाही. मी स्वतः कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत सव्वीस वर्षे लेथवर काम करतो आहे. मुलगा आयटीआयचा फिटर आहे. रेल्वेचे इंजिन चालवायचे हे त्याने आठवीत असतानाच मनाशी ठरवले होते, कारण माझी सासुरवाडी मिरज स्टेशनाच्या मागच्या बाजूस आहे आणि सुट्टीचे दिवस तो पुलावर उभा राहून गाड्या पाहण्यातच घालवत असे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारही दिशांच्या गाड्या तेथून जातात.

ज्या पालकांना या भरतीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण ज्याला इंजिन ड्रायव्हर म्हणतो त्याचे रेल्वेतील नाव लोको पायलट असे आहे, आणि त्या पदावर थेट भरती होत नाही. रेल्वे भरती मंडळ सहायक लोको पायलट घेते. त्यानंतर शंटिंग, मालगाडी, प्रवासी गाडी आणि शेवटी मेल-एक्स्प्रेस अशा पायऱ्या चढत माणूस वर जातो. सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाच्या दुसऱ्या स्तरावर म्हणजे १९,९०० रुपये असते, त्यावर महागाई भत्ता आणि गाडीबरोबर केलेल्या प्रवासाचा किलोमीटर भत्ता मिळतो. दहावीनंतर फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, टर्नर, मशिनिस्ट अशा ठरावीक ट्रेडमधील आयटीआय, किंवा यांत्रिकी, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स अथवा ऑटोमोबाईल शाखेची पदविका किंवा पदवी असलेल्यांना अर्ज करता येतो. केवळ बारावी विज्ञान झालेल्या मुलाला हा अर्ज भरता येत नाही, आणि आमच्या बॅचमध्ये पहिल्या आठवड्यात अशी दोन मुले बसलेली होती. त्यांना क्लासनेच सांगून परत पाठवले आणि पैसेही परत केले, ही गोष्ट क्लासच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

जानेवारी २०२४ मध्ये जाहिरात आली तेव्हा संपूर्ण देशात ५,६९६ जागा होत्या. जूनमध्ये त्या वाढवून १८,७९९ करण्यात आल्या आणि सांगलीतील सगळ्या क्लासच्या बाहेर रातोरात नवे फलक लागले. अर्ज आम्ही फेब्रुवारीतच भरलेला होता. जागा तिपटीहून अधिक झाल्याचे पाहून मीही धीर केला आणि अठरा हजार रुपये फी दोन हप्त्यांत भरली. त्यात सहा महिन्यांची शिकवणी, छापील नोट्स आणि आठवड्याला एक सराव परीक्षा एवढे होते. वरच्या मजल्यावरील अभ्यासिकेचे महिन्याला आठशे रुपये वेगळे द्यावे लागत. बॅचमध्ये बेचाळीस मुले होती, त्यांपैकी नऊ मुली.

आता शिकवणीविषयी. गणिताचे सर हे या क्लासचे खरे बळ आहे. मी पहिल्या महिन्यात एकदा फीचा हप्ता भरायला गेलो असताना वर्गाच्या मागच्या बाकावर अर्धा तास बसलो होतो, तेव्हा त्यांनी फळ्यावर एकही अक्षर न लिहिता एक उदाहरण तोंडी घातले. गाडी २४० मीटर लांब, फलाट ३६० मीटर लांब, वेग ताशी ७२ किलोमीटर, तर गाडी फलाट किती वेळात ओलांडेल? मुले वहीत सूत्र शोधू लागली, तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या वह्या मिटायला लावल्या आणि म्हणाले, "आधी मिरजेच्या फलाटावर उभं राहा. इंजिन फलाटाला लागलं तेव्हा घड्याळ सुरू केलं. आता शेवटचा डबा फलाट सोडेपर्यंत इंजिन किती लांब गेलं ते सांगा." एका मुलीने सहाशे मीटर असे उत्तर दिले. मग बहात्तरला पाचाने गुणून अठराने भागले की सेकंदाला वीस मीटर, आणि सहाशे भागिले वीस म्हणजे तीस सेकंद. गाडीची लांबी फलाटाच्या लांबीत का मिळवायची हे माझ्या मुलाला दहावीपर्यंत कोणी सांगितले नव्हते. तो ते पाठ करत आला होता. या एका शिक्षकासाठी अठरा हजारांपैकी निम्मे पैसे वसूल झाले असे मी मानतो.

बुद्धिमत्ता चाचणीचा तासही चांगला होई. सामान्य विज्ञान मात्र केवळ नोट्स वाचून दाखवून संपवले गेले, आणि चालू घडामोडींसाठी मासिके वाचा एवढाच सल्ला मिळाला.

पहिल्या टप्प्याची संगणकावरील परीक्षा ७५ प्रश्नांची आणि ६० मिनिटांची असते. एक उत्तर चुकले की एक-तृतीयांश गुण कापला जातो. या टप्प्याचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, फक्त दुसऱ्या टप्प्यासाठी निवड करण्यापुरते ते वापरले जातात. क्लासने या टप्प्याची तयारी अतिशय शिस्तीने करून घेतली. दर रविवारी सकाळी संगणकावर सराव परीक्षा होई, आणि दुपारी प्रत्येकाला त्याने चुकवलेले प्रश्न व वेळ वाया घालवलेले प्रश्न अशा दोन वेगळ्या याद्या दिल्या जात. माझा मुलगा सुरुवातीला सगळे ७५ प्रश्न सोडवण्याच्या नादात वीस-वीस चुका करत असे. नोव्हेंबरपर्यंत तो साठच्या आसपास प्रश्न सोडवून चार-पाच चुकांवर आला. परीक्षा मराठीतून देता येते हेही क्लासने मुलांना सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या केंद्रावर त्याची परीक्षा झाली आणि फेब्रुवारीत तो पहिला टप्पा पार झाल्याचे कळले. त्या दिवशी गणिताच्या सरांनी त्याला स्वतःहून फोन केला.

अभ्यासिकेबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. जागा स्वच्छ, दिवे चांगले, पिण्याचे पाणी आहे. मार्च-एप्रिलमध्ये वरच्या पत्र्यामुळे दुपारी दोन ते पाच तेथे बसवत नाही. मुलींसाठी वेगळी खोली आहे आणि रात्री नऊनंतर ती बंद होते. स्टँडपासून रिक्षाने थेट येता येते, त्यामुळे तासगाव आणि इस्लामपूरकडची मुलेही रोज ये-जा करतात.

क्लासच्या प्रवेशद्वाराशी सुरेखा यादव यांचे मोठे छायाचित्र लावलेले आहे. त्या साताऱ्याच्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन १९८९ मध्ये त्या मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून रुजू झाल्या, देशातील पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या, मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत नेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील, आपल्यासारख्याच घरातील मुलगी हे करू शकली ही जाणीव त्या नऊ मुलींना रोज दारातच मिळत होती, आणि हे छायाचित्र लावणाऱ्याचे मला मनापासून कौतुक वाटते.

दुसऱ्या टप्प्यात मात्र क्लासची ढिलाई दिसू लागली. या परीक्षेचे दोन भाग असतात. पहिल्या भागात ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात आणि अंतिम यादीत त्याच गुणांना महत्त्व असते. दुसरा भाग ६० मिनिटांत ७५ प्रश्नांचा असून तो आपापल्या ट्रेडवर बेतलेला असतो. दुसऱ्या भागात सर्वांनाच किमान ३५ टक्के गुण मिळवावे लागतात. राखीव प्रवर्गालाही त्यात सवलत नाही, आणि तेथे अडकलेल्या मुलाचे पहिल्या भागातील गुण कितीही चांगले असले तरी त्यांचा उपयोग होत नाही. "ट्रेडमध्ये फक्त पास व्हायचं आहे, त्याचं टेन्शन घेऊ नका," असे सांगून क्लासने फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन अशा सगळ्यांना जुन्या प्रश्नसंचांच्या झेरॉक्स दिल्या आणि तो विषय संपवला. आयटीआय होऊन तीन-चार वर्षे झालेल्या मुलांना एवढ्यावर कसे भागणार? माझ्या मुलाचा ट्रेड मी घरी घेतला. रात्री जेवणानंतर मी कारखान्यातील जुना व्हर्नियर आणि मायक्रोमीटर त्याच्या हातात देत असे. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर असे लघुतम माप त्याने पाठ केलेले होतेच, पण मोटरसायकलच्या पिस्टन पिनचा व्यास त्याने स्वतः तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा वेगळा आला, तेव्हा पकड किती घट्ट असावी हे त्याला कळले. ज्या घरात असे कोणी नाही, त्या मुलांनी काय करायचे, याचे उत्तर क्लासकडे असायला हवे होते. आमच्या बॅचमधील दोन मुले केवळ ट्रेडच्या भागात अडकली.

मे २०२५ मध्ये दुसरा टप्पा झाला. पेपर चांगला गेल्याचे मुलाने सांगितले आणि त्याच आठवड्यात क्लासमधून फोन आला की पुढच्या टप्प्याची, म्हणजे मुले जिला 'सायको' म्हणतात त्या संगणकावरील अभिक्षमता चाचणीची बॅच सुरू होत आहे आणि तिचे पाच हजार रुपये वेगळे भरावे लागतील. मी भरले.

या चाचणीविषयी पालकांनी नीट समजून घ्यावे. रेल्वेच्याच लखनौ येथील संशोधन अभिकल्प आणि मानक संघटनेच्या मानसतंत्र विभागाने ती आखलेली आहे. तिच्यात स्मरणशक्ती, सूचनांचे पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि आकलनाचा वेग अशा पाच चाचण्या असतात. पाचही चाचण्यांत प्रत्येकी किमान ४२ टी-गुण, म्हणजे इतर उमेदवारांच्या तुलनेत काढलेले गुण, मिळालेच पाहिजेत. एकीतील कमतरता दुसरीतून भरून निघत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. अंतिम यादी दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या भागाचे ७० टक्के आणि या चाचणीचे ३० टक्के असे मिळून लागते. येथे प्रश्न फक्त हिंदी आणि इंग्रजीत असतात, ही गोष्ट मराठीतून परीक्षा देत आलेल्या मुलांना आधीच ठाऊक हवी. चाचणीच्या स्वरूपाची माहिती त्या संघटनेच्या संकेतस्थळावर उमेदवारांसाठी विनामूल्य ठेवलेली आहे. क्लासने आमच्या मुलांकडून त्याच स्वरूपाचे प्रश्न कागदावर सोडवून घेतले. पडद्यावर चित्र काही क्षण दिसून नाहीसे होते, त्याचा सराव कागदावर होत नाही, हे मुले वारंवार सांगत होती. पाच हजार रुपये त्या बॅचसाठी योग्य नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण माझी तक्रार पैशांची नाही. ती पुढची आहे.

दुसऱ्या टप्प्याचा निकाल लागला आणि मुलाचे नाव यादीत आले. अभिक्षमता चाचणीला जाताना ठरावीक नमुन्यातील डोळ्यांचे प्रमाणपत्र मूळ प्रतीत न्यावे लागते, ते नसेल तर चाचणीला बसू देत नाहीत. म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे सांगलीतील एका नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. मुलाला चष्मा नाही, लांबचे आणि जवळचे उत्तम दिसते, त्यामुळे हे केवळ सहीचे काम आहे अशा समजुतीने मी दुचाकी बंद न करता बाहेरच उभी करण्याच्या विचारात होतो. डॉक्टरांनी तक्ता वाचून घेतला, ६/६ आले. मग त्यांनी रंगीत ठिपक्यांचे एक छोटे पुस्तक उघडले. पहिल्या पानावर मुलाने बारा वाचले. दुसऱ्या पानावर मला बाजूच्या खुर्चीवरून आठ हा आकडा स्वच्छ दिसत होता. मुलगा ठामपणे म्हणाला, "तीन." डॉक्टरांनी पान उलटले. पुढच्या एका पानावर तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पप्पा, इथं काहीच लिहिलेलं नाही." तेथे आकडा होता.

लाल आणि हिरव्या रंगांतील फरक त्याच्या डोळ्यांना पुरेसा कळत नाही. हा दोष जन्मापासूनचा असतो, तो आईकडून मुलात येतो, औषधाने किंवा शस्त्रक्रियेने जात नाही आणि असलेल्या माणसाला स्वतःहून लक्षातही येत नाही, हे सगळे डॉक्टरांनी अतिशय शांतपणे समजावून सांगितले. घरी आल्यावर माझ्या पत्नीने ते मनाला लावून घेतले, आणि तिची समजूत घालायला मला कित्येक दिवस लागले. मग एकेक आठवू लागले. लहानपणी मिरच्या निवडायला बसवले की हा लाल आणि हिरव्या एकत्र करी, आणि त्याचे लक्ष नाही म्हणून आम्ही त्याला रागवत असू.

लोको पायलटसाठी रेल्वेची सर्वांत कडक, म्हणजे ए-१ दर्जाची वैद्यकीय तपासणी असते. दोन्ही डोळ्यांनी चष्म्याशिवाय ६/६ दिसावे लागते, रंग अचूक ओळखावे लागतात, दोन्ही डोळ्यांची एकत्रित दृष्टी, दृष्टिक्षेत्र आणि रात्रीची दृष्टीही तपासली जाते. चष्मा घालवण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया केलेला उमेदवार या पदासाठी चालत नाही, आणि हे ठाऊक नसल्यामुळे भरतीच्या तयारीसाठी म्हणून मुद्दाम ती शस्त्रक्रिया करून घेणारी मुले आहेत. हा नियम कडक असला तरी तो योग्य आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक असे दोघे असतात आणि पुढचा सिग्नल दिसला की लाल, पिवळा, दुहेरी पिवळा की हिरवा हे दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचे असते. मागच्या डब्यांत शेकडो माणसे झोपलेली असताना तो रंग ओळखण्यात चूक चालणार नाही. माझ्या मुलालाही हे मान्य आहे. तो मला म्हणाला की त्याला नाकारल्याचे दुःख आहे, पण नियमाचा राग नाही.

माझा राग आहे तो हे कळायला लागलेल्या तेरा महिन्यांचा. मी क्लासच्या संचालकांना भेटलो. ते म्हणाले, "काका, जाहिरातीत सगळं लिहिलेलं असतं. आम्ही अभ्यास घेतो, मेडिकल आमच्या हातात नाही." त्यांचे म्हणणे खोटे नाही. जाहिरातीत ते लिहिलेले आहे, अर्ज भरण्याआधी वैद्यकीय पात्रता पाहून घ्या अशी सूचनाही आहे, आणि आम्ही अर्ज नेट कॅफेत बसून घाईने भरला ही आमची चूक मी कबूल करतो. पण बारावी विज्ञानाची मुले पहिल्याच आठवड्यात ओळखून परत पाठवणाऱ्या क्लासला डोळ्यांविषयी एक वाक्य विचारता येत नाही का? दरवर्षी शंभर-दीडशे मुले त्यांच्याकडून शिकून जातात. त्यांपैकी काही डोळ्यांपाशी थांबतात, हे त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी आधीपासून ठाऊक होते. आणि ज्या टप्प्यावर प्रमाणपत्र लागतेच, त्या टप्प्याचे पाच हजार रुपये घेताना तरी ते आठवायला हवे होते. मी ते पैसे परत मागितले. प्रवेश अर्जाच्या मागील बाजूस फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही असे छापलेले त्यांनी मला दाखवले. मग मी लेखी विनंती दिली की त्याच अर्जावर दृष्टी, रंगदृष्टी आणि लेसर शस्त्रक्रिया यांविषयी एक रकाना वाढवावा. तिचे उत्तर आजपर्यंत आलेले नाही.

मुलगा सध्या कुपवाडमध्ये सीएनसी मशीनवर काम करतो आणि संध्याकाळी रेल्वेच्याच, पण रंगदृष्टीची अट नसलेल्या कार्यालयीन पदांचा अभ्यास करतो. गणिताच्या वह्या त्याने जपून ठेवल्या आहेत. आता त्या त्याला उपयोगी पडत आहेत.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी विद्युत शाखेची पदविका घेऊन बाहेर पडली आहे आणि तिलाही लोको पायलट व्हायचे आहे. गेल्या महिन्यात मी तिला आधी त्याच नेत्रतज्ज्ञांकडे नेले. तपासणीचे चारशे रुपये झाले. तिने पहिल्या पानावर बारा वाचले, दुसऱ्यावर आठ, आणि पुस्तक संपेपर्यंत एकदाही अडखळली नाही. लांबची नजरही चष्म्याशिवाय ६/६ आहे. ते प्रमाणपत्र हातात घेऊनच आम्ही विश्रामबागेतील त्याच क्लासमध्ये गेलो, कारण गणित शिकवणारे तेवढे चांगले सर मला सांगलीत दुसरीकडे सापडले नाहीत. फक्त सहा महिन्यांच्या शिकवणीची फी भरली. ट्रेडसाठी ती आयटीआयमधील एका निवृत्त निदेशकांकडे शनिवारी जाते, आणि सायकोची वेगळी बॅच घ्यायची नाही असे आमचे ठरले आहे. प्रवेश अर्जावर तो रकाना अजूनही नव्हता, म्हणून मी प्रमाणपत्राची एक झेरॉक्स अर्जाला स्वतःच जोडून दिली आणि पोचपावती घेतली.